ऑईल किती किलोमीटरला बदलावं

४ फेब्रुवारी

चि. वायसर,

आशीर्वाद. तुझा पत्ता मी तुझ्या टायपिंगवाल्या मैत्रिणीकडून काढला. तिच्यावर रागावू नकोस. तिची स्कूटर आपल्या गॅरेजात आली होती आणि मी तिला सांगितलं की पत्ता मिळेपर्यंत ब्रेक लागणार नाहीत. फोन नंबर मात्र तिने दिला नाही. म्हणाली, "काका, नंबराची तिने शपथ घातलीय, पत्त्याची घातलेली नाही." ही मुलगी वकील व्हायची, टायपिंगमध्ये वाया गेली.

आता कामाचं. तू मोटरसायकल नेलीस त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. गाडी तुझीच. चौदाव्या वर्षी तिचं इंजिन तू एकटीने खोललं होतंस, आणि परत बसवल्यावर एक स्प्रिंग उरली म्हणून रडत बसली होतीस. ती स्प्रिंग दुसऱ्याच गाडीची निघाली. पण ऑगस्टात तू गेलीस ती इतक्या तावातावाने, की ऑईलचं बोलायचं राहूनच गेलं. शेवटचं ऑईल मी जुलैत बदललं होतं. म्हणजे मुदत होऊन गेली.

कंपनीचं पुस्तक तीन हजार किलोमीटर म्हणतं. पुस्तक लिहिलं तेव्हा ही गाडी नवी होती. आज ती तुझ्यापेक्षा वयाने मोठी आहे, रिंगा झिजल्यात, थोडा धूर टाकते, थोडं ऑईल पिते. अशा गाडीला दोन हजार. आणि दोन हजार झाले नसले तरी सहा महिन्यांनी बदलायचंच. उभ्या गाडीचंही ऑईल खराब होतं, हे गिऱ्हाइकांना माझ्या हयातीत पटलं नाही, तुला तरी पटावं. काढण्याआधी इंजिन थोडं गरम कर. थंड ऑईल बाहेर येतं आणि घाण तळाशी ठेवून येतं. ड्रेन बोल्टखालची तांब्याची वायसर दरवेळी नवी घाल, जुनी वाचवत बसू नकोस. तुझं नाव त्याच वायसरवरून पडलं, ते तुला माहीत आहे. चार वर्षांची होतीस, दहाही बोटांत अंगठ्या म्हणून घालून गॅरेजभर मिरवायचीस, आणि एक अडकली तेव्हा साबण लावून काढावी लागली.

खरं तर तिथल्या कुणाला हात लावू देऊ नकोस. त्या बोल्टचे आटे नाजूक झालेत. एखाद्या आडदांडाने पाना फिरवला की संपलं. इकडेच घेऊन ये. अर्ध्या तासाचं काम, मी करून देतो, हवं तर उभ्याउभ्याच परत जा.

आई बरी आहे.

बाबा


२१ फेब्रुवारी

चि. वायसर,

माझं पत्र पोचलं असेलच. परत आलं नाही म्हणजे पोचलं, असं धरून चाललोय.

एक दुरुस्ती. मी दोन हजार लिहिलं होतं, ते पंधराशे समज. मी तुझ्या रस्त्यांचा विचार केला नव्हता. शहरात जरा जरा अंतरावर थांबायचं, परत निघायचं. इंजिन पुरतं तापत नाही, आतली वाफ आतच राहते आणि ऑईलमध्ये उतरते. अशा वापराला पंधराशे म्हणजे काही फार नाही. ऑईल बघायची पट्टी पुसून, घालून, परत काढून बघ. काळं असेल तर घाबरू नकोस, काळं होणं हे त्याचं कामच आहे. दोन बोटांत चोळून बघ. पाण्यासारखं पातळ लागलं तर त्याचा जीव गेलेला आहे.

गॅरेज आता तुझा आत्तेभाऊच बघतो. मी घरी असतो. घरी मी काय करतो विचारशील, तर स्वयंपाक करतो. हसून घे. मीठ अजून अंदाजाने पडतं आणि तुझी आई पलंगावरून नुसत्या आवाजावर ओळखते की जास्त पडलं. पलंग आम्ही बाहेरच्या खोलीत आणलाय, दाराजवळच्या खिडकीपाशी. तिथे उजेड चांगला येतो, एवढंच.

कपडे धुवायच्या मशीनचंही मला जमायला लागलंय. तुझ्या आईने मशीन घेतल्यापासून मला त्याला हात लावू दिला नव्हता, म्हणायची तुम्ही ते उघडून बसाल. परवा खरंच उघडून बसलो. आता आवाज कमी करतं.

तिच्या घड्याळाच्या पट्ट्याला परवा गॅरेजातल्या पंचने एक भोक जास्तीचं पाडून दिलं. पट्टा सैल झाला होता. चामडं आहे, ताणतं.

तेव्हा पंधराशे. किती झाले असतील तुझे? जवळजवळ झालेच असतील.

बाबा


९ मार्च

चि. वायसर,

हजार.

तू म्हणशील बाबांचं काहीतरी बिनसलंय. म्हण. पण जुनं इंजिन आहे, त्यात जरा लवकर बदललेलं काय वाईट? तुला गाडी आवडते, गाडीला ऑईल आवडतं, मला ऑईल बदलायला आवडतं. यात कुणाचं नुकसान आहे ते मला दाखव.

मी वाटेकडे डोळे लावून बसलोय असं नाही. पण बाहेरच्या खोलीतून रस्त्यावरच्या सगळ्या गाड्या ऐकू येतात, आणि आपल्या गाडीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. परवा एक तशीच आली. मी हातात पळी घेऊन दारात. दूध घालणाऱ्याने भावाची गाडी आणली होती. त्याचा टायमिंग बिघडलाय, मी लगेच सांगितलं. त्याने कौतुकाने बघितलं. मला कौतुक नको होतं.

काल दवाखान्यात गेलो होतो. माझ्या पाठीसाठी. तिथे बाकावर बराच वेळ बसावं लागलं. समोर एक बाई आणि तिची मुलगी. मुलगी आईला सारखी रागावत होती, पाणी पी, नीट बस, पदर आवर. आणि आई सगळं मुकाट्याने ऐकत होती. मला तुम्हा दोघींची आठवण झाली. तुम्ही दोघी एकमेकींना रागवायचात तेव्हा घराला निदान आवाज होता. तू म्हणालीस, पोहण्याचे मास्तर या घरात येणार नसतील तर मीही येणार नाही. ती म्हणाली, नको येऊस. मी मध्ये हात पुसत उभा होतो आणि मला दोघींपैकी एकीनेही काही विचारलं नाही. घटस्फोट झालेला माणूस जावई म्हणून चालेल की नाही याबद्दल माझंही काही मत असू शकतं, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मत होतं. मला तो बरा वाटला होता. हात स्वच्छ, बोलणं कमी.

असो. पाठ ठीक आहे.

पत्र लिहितो तेव्हा तुझी आई समोरच पडलेली असते. ती वाचत नाही. मी काय लिहितो हे तिला साधारण ठाऊक असतं.

हजार झाले की ये.

बाबा


२० मार्च

चि. वायसर,

पाचशे.

आज गॅरेजात गेलो होतो, तुझ्यासाठी ऑईलचा नवा डबा आणून ठेवायला. तुझ्या आत्तेभावाला म्हटलं, पाचशेला बदलायचं म्हटलं तर एखादं कारण सांग, पटेल असं. त्याने हातातलं काम खाली ठेवलं. "मामा, पाचशेला? ती मोटरसायकल आहे की विमान?" मग माझ्या तोंडाकडे बघितलं. पाना पुसत म्हणाला, "लिहा, नव्या रिंगा टाकल्या की पहिलं ऑईल पाचशेला काढतात." आता तुझ्या गाडीला नव्या रिंगा टाकलेल्या नाहीत, हे तुलाही माहीत आहे आणि मलाही. तरी लिहितो.

तू उत्तर का देत नाहीस? रागावली असशील तर रागाचं पत्र लिही. निदान दोन शिव्या लिहून पाठव, मी जपून ठेवीन. माझं काही चुकलं असेल असं मला वाटत नाही, पण तुला वाटत असेल तर तेही लिही, मी कबूल करून टाकतो, मला आता वाद घालायला वेळ नाही.

शेजारची शिक्षिका दुपारी तासभर येऊन बसते. तेवढ्यात मी औषधांच्या दुकानात जाऊन येतो. तो दुकानदार आता मला बघितलं की न विचारता काढून ठेवतो. त्याच्याकडे एक जुनी मोपेड आहे, तिचं ऑईल त्याने घेतल्यापासून बदललेलं नाही. मी त्याला झापलं. सगळ्यांसमोर झापलं, उगाचच. तो बिचारा हो हो म्हणाला. घरी येताना मला वाईट वाटत होतं.

घरात रात्री मला कुठेच बसवत नाही. हात रिकामे राहतात. औषधांचं म्हणशील, तर ती पाठीची आहेत असं समज.

पाचशे म्हणजे काही नाही गं. एवढे तर केव्हाच झाले असतील.

बाबा


२८ मार्च

बाबा,

तुमची चारही पत्रं मिळाली. उत्तर देणार नव्हते, पण पाचशे वाचल्यावर राहवलं नाही.

पाचशेला ऑईल कुणी बदलत नाही. तुम्हीच शिकवलंत. गिऱ्हाइकाला घाबरवून लवकर ऑईल बदलायला लावणाऱ्या मेकॅनिकला तुम्ही काय म्हणायचात, ते मला चांगलं आठवतंय.

गाडी मी नोव्हेंबरात विकली. आम्हाला खोली बदलायची होती. ज्याला विकली तो नीट वापरेल असं वाटलं. तुम्हाला कळवायचं राहिलं. खरं म्हणजे धीर झाला नाही. तेव्हा आता ऑईलबद्दल लिहू नका, ते वाचताना मला त्रास होतो.

तुमच्या पाठीला काय झालंय? तुम्ही कधी दवाखान्याची पायरी चढला नाहीत. आणि स्वयंपाक तुम्ही का करताय? आई रुसून बसली असेल तर ते तिचं तिला लखलाभ. ही पत्रं तिने लिहायला लावली असतील, तर तिला सांगा की हात तिलाही आहेत. तिने एक ओळ लिहिली तर मी विचार करीन. तिने लिहायला हवी, तुम्ही नाही.

पाठ जपा.

वायसर


९ एप्रिल

चि. वायसर,

हे पत्र तुझा आत्तेभाऊ स्वतः घेऊन आलाय. पोस्टावर सोडवत नव्हतं. त्याला आधी पाणी दे आणि मग वाच, तो सकाळी निघून कुठेही न थांबता आला असणार.

गाडी विकलीस ते बरं केलंस. मला दुःख झालं, पण ते दुःख माझ्या आत्ताच्या दुःखांच्या रांगेत फार मागे उभं आहे. गाडीचं मनावर घेऊ नकोस.

तुझी आई आजारी आहे. ऑक्टोबरात पोटात दुखायला लागलं, डिसेंबरात कळलं. पोटात गाठ आहे आणि ती काढता येण्यासारखी नाही. डॉक्टर सांगायचं ते सांगून मोकळे झाले. आता म्हणतात, घरीच ठेवा, दुखू देऊ नका. किती दिवस, हे मी विचारलं तर म्हणाले, महिने विचारू नका. पाठ माझी ठणठणीत आहे.

मी तुला सांगायचं नाही, असा तिने माझ्याकडून शब्द घेतला होता. तोंडाने नाही, पत्राने नाही, कुणाकरवी नाही, सगळं नीट वदवून घेतलं. म्हणाली, "तिला माझ्या दुखण्याची दोरी बांधून ओढून आणायचं नाही. तिला यावंसं वाटलं तर येईल. कीव करायला आलेली मला नकोय." तू तिचीच मुलगी आहेस म्हणून तुला हे समजेल. मला अजून समजलेलं नाही. आज मी तो शब्द मोडतोय. तिला कळलं तर माझ्याशी बोलणं टाकेल, टाकू दे.

तू लिहिलंस की पत्रं तिने लिहायला लावली असतील. पहिलं मी तिच्या नकळत लिहिलं होतं. दुसरं लिहायला बसलो तेव्हा तिने विचारलं, "काय लिहिताय?"

"गाडीच्या ऑईलचं."

"माझं काही?"

"काही नाही. शब्द दिलाय ना."

मग तिने खिडकीकडे तोंड वळवलं. मला वाटलं डोळा लागला. मग म्हणाली, "किती किलोमीटरला बदलतात?"

"दोन हजार."

"दोन हजार व्हायला तिला किती दिवस लागतील?"

"किती फिरते त्यावर आहे. तीन महिने, चार महिने."

"एवढे?" म्हणाली. "त्याच्या आधी बदललं तर गाडीला काही होतं का?"

"काही होत नाही. थोडं चांगलं ऑईल वाया जातं."

"मग जाऊ दे थोडं वाया. पंधराशे लिहा."

हजार तिनेच सांगितलं. पाचशेही तिनेच. पाचशे म्हणाली तेव्हा मी म्हटलं, अगं, कुठल्याही मेकॅनिकची पोर याला हसेल. तर म्हणाली, "हसू दे. हसायला म्हणून तरी येईल." चाळीस वर्षं मेकॅनिकच्या घरात राहून जिने कधी टायरमधली हवा तपासली नाही, ती बाई मला ऑईलचे आकडे सांगत होती आणि मी लिहून घेत होतो. तिने तुला ये म्हटलं नाही. तिला ते म्हणता येत नाही. जेवढं म्हणता आलं तेवढं म्हणाली. तू तिच्याकडून एक ओळ मागितलीस. तिच्या ओळी तुझ्याकडे आहेत, तीन आहेत. चौथी लिहायला आता तिच्या बोटांत पेन राहत नाही.

तुझं उत्तर पोस्टमनने खिडकीतून तिच्याच हातात दिलं. पाकिटावरचं अक्षर तिने ओळखलं. हल्ली तिला वाचता येत नाही, अक्षरं हलतात म्हणते. मला म्हणाली, "वाचा." मी चष्मा शोधायच्या निमित्ताने आत गेलो, तुझं पत्र मोरीच्या दाराशी उभं राहून वाचलं आणि बाहेर येऊन तिला दुसरंच वाचून दाखवलं. तू लिहिलंस ते कसं वाचणार होतो? मी वाचलं की गाडी छान चालते. मी वाचलं की पाचशे झाले की ऑईल बदलायला येते.

तिने डोळे मिटले आणि हसली. मग म्हणाली, "आत्ता किती झालेत, लिहिलंय का?"

मी काय करणार? म्हटलं, तीनशे.

हजार वेळा वाटलं, दहा म्हणायला हवं होतं. पण त्या वेळी तिचा चेहरा समोर होता आणि दहा म्हणवलं नाही. तेव्हापासून ती रोज सकाळी विचारते. औषध घ्यायच्या आधी विचारते. ज्या दिवशी दुखत नाही त्या दिवशी विचारते आणि दुखतं त्या दिवशीही विचारते. आणि मी रोज आकडा वाढवतो. नाही वाढवला तर विचारते, का, काल गाडी बाहेर काढली नाही का तिने, बरी आहे ना ती? मग तिला तुझी काळजी लागते. म्हणून वाढवावाच लागतो. वीस वीसने वाढवतो. त्याहून हळू चालवता येत नाही.

वायसर, मला काही सुचत नाही. आयुष्यभर लोकांच्या गाड्या आवाजावरून ओळखल्या, कुठे काय बिघडलंय ते बोट ठेवून दाखवलं. इथे काय बिघडलंय ते मला कळतंय आणि करता येण्यासारखं काहीच नाही. मी तिला उशी देतो, पाणी देतो, पाय चेपतो, खोटे आकडे सांगतो. तिला दुखलं की मी पलंगाची दांडी धरून उभा राहतो. शेजारची शिक्षिका म्हणते, भाऊ, तुम्ही बसा. मला बसता येत नाही. मला भीती वाटते. हे मी कुणाशी बोललो नाही, तुझ्याशी बोलतोय.

तेव्हा तू ये. गाडी नाही, तर तुझ्या आत्तेभावाच्या मागे बस. तो परतीच्या वाटेवर हळू चालवणार नाही, मी त्याला बजावलंय, घट्ट धरून बस. मास्तरांनाही आणायचं असेल तर आण. दाराशी मी असेन, कोण आत येतं आणि कोण नाही ते मी बघतो. आणि आल्यावर तिला विचारू नकोस की मला का कळवलं नाहीस. रडायचं असेल तर गॅरेजात रडून घे. मग आत ये आणि सांग की ऑईल बदलायला आलेय.

आज सकाळी तिने विचारलं, "किती झाले?"

मी म्हटलं, "चारशे ऐंशी."

तिने हिशोब केला. हल्ली तिला वेळ लागतो, पण केला. मग म्हणाली, "म्हणजे उद्या. उद्या लवकर उठवा मला, केस विंचरून द्या."

बाबा